विंडोज, लिनक्स की मॅक? आधी फायली सोडवा

पत्र

मॅडम, तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. २००७ पासून चालवते. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, मंडळाची पावतीपुस्तकं, कधी एखाद्या शाळेची स्मरणिका, सगळं करते. तीन कॉम्प्युटर आहेत, तिन्हीवर विंडोज १०. दोन जुने, इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचे. तिसरा २०१९ ला नवा घेतला. आता सपोर्ट संपल्याची सूचना सारखी येते. कॉम्प्युटरवाला म्हणतो, तिन्ही काढा आणि विंडोज ११ चे नवे घ्या. भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो, मावशी, विंडोज काढून लिनक्स टाक, फुकट आहे आणि पुढचा काळ त्याचाच आहे. पुण्याचे दीर म्हणतात, सेकंडहँड मॅक घ्या, दहा वर्षं बघायला नको. मुलगी बारावीला आहे, ती म्हणते, आई, लोक सगळं मोबाइलवर करतात, कॉम्प्युटरच कशाला? भिशीचे दीड लाख हातात येणार आहेत. यातलं कोण टिकणार, कोण जिंकणार, एवढं सांगा. त्याच्या बाजूने पैसे घालते.

ता. क. जुन्या पत्रिकांच्या फायली पेजमेकरच्या आहेत, त्या फक्त मधल्या कॉम्प्युटरवर उघडतात. त्याला मी कोणाला हात लावू देत नाही.

उत्तर

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी ताज्या कलमापाशी थांबले. सगळं दुखणं त्या दोन ओळींत आहे.

कोण जिंकणार हे विचारता, पण तुम्ही तर अठरा वर्षं जिंकणाऱ्याच्याच बाजूला आहात. दुकान टाकलंत तेव्हा एक्सपी, मग विंडोज ७, मग १०. बाजारात जे सगळ्यात जास्त चालायचं तेच तुमच्याकडे होतं. तरीही आज तुमचं अठरा वर्षांचं काम एका मधल्या कॉम्प्युटरमध्ये अडकून पडलंय. तो बंद पडला तर हजारो पत्रिका, स्मरणिका, पावतीपुस्तकं गेली. जिंकणाऱ्याकडे पैसे लावून हे झालंय. म्हणून पुन्हा 'कोण जिंकणार' याच्याच उत्तरावर दीड लाख घालू नका, असं मी कळकळीने सांगते.

मी स्वतः तेवीस वर्षांची असताना पुण्यात एका छोट्या प्रेसमध्ये डीटीपी ऑपरेटर होते. एका निवृत्त गुरुजींनी त्यांच्या गावाचा इतिहास लिहिला होता. दोनशेच्या वर पानं. आमच्याकडेच पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेला, आमच्याकडेच छापलेला. काही वर्षांनी ते दुसऱ्या आवृत्तीसाठी आले. सीडी त्यांनी रुमालात गुंडाळून जपली होती. सीडी चालली, फाइलही उघडली, पण पडद्यावर मराठीचं एक अक्षर नाही. फाँट ज्या सॉफ्टवेअरचा होता त्याला कॉम्प्युटरच्या मागे परवान्याची किल्ली म्हणून एक डोंगल लावावं लागायचं, प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टमध्ये बसणारं. मधल्या काळात प्रेसने नवे कॉम्प्युटर घेतले होते आणि त्यांना ते पोर्टच नव्हतं. डोंगल कुठल्याशा खणात गेलं ते गेलंच. गुरुजींचं आख्खं पुस्तक मी पहिल्या पानापासून पुन्हा टाइप केलं. ते रोज दुपारी येऊन शेजारी बसायचे आणि गावातल्या विहिरींची नावं नीट पडतायत ना ते बघायचे. त्यांचे डोळे तोवर अधू झाले होते. विंडोज तेव्हाही जिंकतच होतं.

तुमच्या फायलींचं नेमकं काय झालंय ते एकदा डोळ्यांनी बघा. मधल्या कॉम्प्युटरवर एखादी जुनी पत्रिका उघडा, 'श्री गणेशाय नमः' ही ओळ निवडा आणि फाँट बदलून एरियल करा. इंग्रजी अक्षरं, आकडे, कंस आणि चिन्हांचा काला दिसेल. फाइलमध्ये खरं तर तोच साठवलेला आहे. मराठी तिथे कधी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवून ते फाँट बनवलेले होते. क चं पोट एका कळीवर, काना दुसऱ्या कळीवर. आपण 'गणेशाय' टाइप केलं असं आपल्याला वाटतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती निरर्थक इंग्रजी असते. प्रत्येक कंपनीने तुकडे आपल्या मनाने बसवले, त्यामुळे एकीचा फाँट दुसरीच्या मजकुराला चालत नाही.

यात त्या कंपन्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या काळात विंडोजला देवनागरी येत नव्हती, त्या काळात पुण्यातल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने आणि श्रीलिपी फाँटवाल्या मॉड्युलर इन्फोटेकसारख्यांनी मराठी छापून दाखवली, हे उपकार आहेत. पण युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी ठरवलेल्या एकाच संकेतात, देवनागरी १९९१ पासून आहे आणि विंडोज २००० पासून मंगल फाँटसकट ती विंडोजमध्येच आली. आपल्या धंद्याने तिकडे जायला फार वर्षं लावली. त्याला मोठं कारण पेजमेकर. त्याची शेवटची आवृत्ती, ७, २००१ ची. त्याची मालक कंपनी अडोबीने २००४ मध्ये त्याचं काम थांबवलं आणि युनिकोड त्याला कधीच आलं नाही. म्हणजे तुम्ही दुकान उघडलंत त्याच्या तीन वर्षं आधीच तुमचं मुख्य अवजार त्याच्या कंपनीने सोडून दिलं होतं. तालुक्याच्या गावी हे कोण सांगणार होतं? तुम्हाला शिकवणाऱ्यालाही ते माहीत नसणार.

तेव्हा भिशीतला पहिला रुपया खर्च करायच्या आधी मधल्या कॉम्प्युटरचं काम घ्या. एक बाहेरची हार्डडिस्क आणा आणि सगळं जसंच्या तसं उतरवा, फाँटचा फोल्डरही. अजून एक प्रत घरी ठेवा, दुकानात नाही. मग रोज दुकान बंद करायच्या आधी अर्धा तास काढून महत्त्वाच्या फायली पीडीएफ करत चला. पीडीएफमध्ये फाँट आतच बांधून जातो, त्यामुळे ती फोनवर, लिनक्सवर, मॅकवर जशीच्या तशी दिसते. २००८ पासून ते आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, एका कंपनीच्या मर्जीवर राहिलेलं नाही. पीडीएफ दिसेल आणि छापता येईल, पण तिच्यात सहज बदल करता येणार नाहीत. दरवर्षी लागणारा मजकूर, म्हणजे भाडेकराराचे नमुने, पावतीपुस्तकं, पत्रिकेतल्या ठरलेल्या ओळी, एवढाच युनिकोडमध्ये आणा. सगळं आणायला जाऊ नका, आयुष्य पुरणार नाही.

जुन्या फाँटचं युनिकोड करणारे कन्व्हर्टर मिळतात. पण कोणाचं प्रतिज्ञापत्र किंवा करार कुठल्या अनोळखी वेबसाइटवर नेऊन चिकटवू नका. त्यात लोकांचे आधार क्रमांक, पत्ते, गट नंबर असतात, आणि तहसीलसमोरच्या दुकानात लोक ते विश्वासाने सांगतात. कॉम्प्युटरवर उतरवून नेट बंद ठेवून चालणारा कन्व्हर्टर शोधायला भाच्याला सांगा. हे काम तो आनंदाने करेल.

कन्व्हर्टरमधून निघालेला मजकूर कधी न वाचता छापू नका. सगळ्यात जास्त घोळ रफाराचा होतो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यात किती फरक आहे ते पत्रिका छापणाऱ्याला मी काय सांगावं! पहिला मान गुरूंचा, दुसरा जेवण रांधणाऱ्यांचा. जुन्या फाँटमधला तो आडवा र कन्व्हर्टर पुष्कळदा रफार करून टाकतो. दऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, नवऱ्याचे, एवढे शब्द शोधून आधी तपासायचे. नव्याने टाइप करताना इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्डवर, शिफ्ट धरून र दाबला की ऱ येतो, मग हलंत, मग य.

इनस्क्रिप्टचं नाव घेतलंय तर थोडं थांबते. तुम्ही टायपिंग क्लासला शिकलेल्या बोटांना ते नको वाटेल, हे मला कळतं. माझीही बोटं रेमिंग्टन टाइपरायटरची. मी वयाच्या पस्तिशीत बदलली. पहिला आठवडा रडू आलं, दुसऱ्यात राग आला, दीड महिन्यात वेग परत आला. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, असा साधा हिशोब आहे. फायदा असा की हा कीबोर्ड विंडोजमध्ये आहे, लिनक्समध्ये आहे, मॅकमध्ये आहे, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. भांडण कोणीही जिंको, तुमच्या बोटांचं कसब तुमच्याकडे राहतं.

आता सपोर्ट संपणं म्हणजे काय ते सांगते, कारण कॉम्प्युटरवाल्याने तुम्हाला घाबरवलंय. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट थांबवली. कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडला नाही, पडणारही नाही. पण उद्या त्यात एखादं भगदाड सापडलं तर ते बुजवायला कोणी येणार नाही. ही भीती उगाच नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, तेव्हा त्यावरची दुरुस्ती दोन महिने आधीच आलेली होती. ज्यांनी लावली नव्हती ते सापडले. त्याच्या पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरात मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं, कंटेनर जागच्या जागी अडकले. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने ही अपडेट आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, ठेवली आहेत. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो. पण दुकानाने त्यावर भिस्त ठेवू नये.

तुमचा २०१९ चा कॉम्प्युटर बदलायची बहुतेक गरजच नाही. विंडोज ११ ला आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा इंटेल प्रोसेसर, चार जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. २०१९ च्या कॉम्प्युटरमध्ये हे पुष्कळदा असतं, फक्त टीपीएम बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, बंद करून ठेवलेलं असतं. त्यामुळे 'हा कॉम्प्युटर चालणार नाही' असा संदेश येतो आणि दुकानदार नवा विकतो. मायक्रोसॉफ्टचंच 'पीसी हेल्थ चेक' नावाचं छोटं ॲप चालवून बघा. चालत असेल तर विंडोज १० वरून ११ ला जायला पैसे पडत नाहीत, तुमची विंडोज अस्सल असेल तर.

रागावू नका, पण तुमची विंडोज अस्सल आहे ना? तुम्ही लिहिलेलं नाही आणि मी गृहीत धरत नाही. आपल्या धंद्यात 'विंडोज मारून देतो' म्हणून पाचशे रुपयांत काय मारतात ते दोघींनाही ठाऊक आहे. ते क्रॅक करणारं साधन कोणी लिहिलंय, त्यात आणखी काय दडलंय, हे मारणाऱ्यालाही माहीत नसतं. ज्या कॉम्प्युटरवर लोकांचं आधार उघडतं तिथे हे नको. नवा घ्याल तो बिलासकट, विंडोज आधीच बसवलेला घ्या.

दोन जुन्या आय-थ्रीपैकी एक तुमचा मधला, फायलींचा. त्याचं नेट काढून टाका, वायर आणि वायफाय दोन्ही. पेनड्राइव्हही सांभाळून. त्याला भंगारात घालू नका आणि अपग्रेडही करू नका. त्याने फक्त जुन्या फायली उघडायच्या आणि पीडीएफ करायच्या.

दुसरा आय-थ्री भाच्याला द्या.

भाचा हुशार आहे आणि निम्मा बरोबर आहे. 'फुकट आहे' हे खरं, पण लिनक्सची खरी किंमत मला दुसरीकडे दिसते. तो कॉम्प्युटर म्हातारा झालाय हे ठरवायचा अधिकार लिनक्स तुमच्याकडे ठेवतं. चौथ्या पिढीचा आय-थ्री अर्ज टाइप करायला आणि साइट उघडायला आजही पुरेसा आहे. त्याच्यात जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क घातली, रॅम आठ जीबी केली आणि लिनक्स मिंट हे लिनक्सचं सोपं रूप टाकलं तर तुम्हाला तोच कॉम्प्युटर आहे असं वाटणार नाही. मिंटच्या बाविसाव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. टाकायच्या आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, कॉम्प्युटरमधलं काही पुसलं जात नाही. दोन दिवस तसं वापरा आणि मग ठरवा.

मराठी तिथे उपरी नाही. लोहित नावाचे फाँट मूळ मॉड्युलर इन्फोटेकनेच घडवले आणि रेड हॅट या लिनक्सच्या कंपनीने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुले केले. लिब्रे ऑफिस हे फुकट सॉफ्टवेअर पेजमेकरच्या जुन्या फायलीही उघडतं. मांडणी हलते, मजकूर जुन्याच फाँटचा राहतो, पण हाताशी येतो. ज्याच्या हातात पेजमेकर होतं त्याने पाठ फिरवली आणि ज्यांचा काही संबंध नव्हता अशा लोकांनी कुलूप उघडलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

पण भाच्याला एक सांगा. जर्मनीतल्या म्युनिक शहराने महापालिकेचे हजारो कॉम्प्युटर लिनक्सवर नेले, २०१३ पर्यंत काम जवळजवळ पुरं केलं, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचा ठराव केला. दुसरीकडे आपल्या केरळातल्या सरकारी शाळा दीड दशकाहून जास्त काळ मुलांना लिनक्सवरच शिकवतायत आणि छान चाललंय. शाळेला बाहेरच्यांच्या अवजारांशी जुळवून घ्यावं लागत नाही. तुमच्या दुकानाला लागतं. डिजिटल सहीचं डोंगल, आधारचं अंगठ्याचं यंत्र, यांची सोय मुख्यतः विंडोज डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. पत्रिकांची सजावट करायचं कोरलड्रॉ लिनक्सवर नाही. २००० मध्ये कोरल कंपनीने लिनक्ससाठी आवृत्ती काढली होती, पण लवकरच सोडून दिली. तुमचा प्रिंटर कॅननचा एलबीपी २९०० असेल, आपल्याकडे दर दुसऱ्या दुकानात तोच असतो, तर त्याला लिनक्सवर चालवताना भाच्याचा एक रविवार जाणार हे धरून चाला. म्हणून तिन्हीवर लिनक्स नको. एकावर, आणि त्यावर टायपिंग, सातबारा काढणं, ऑनलाइन अर्ज, मेल. दुकानातलं निम्मं काम एवढंच असतं, नाही का?

मॅकचं थोडक्यात. यंत्र उत्तम आहे. पण सेकंडहँड म्हणजे बहुधा इंटेल प्रोसेसरचा मॅक मिळणार. ॲपलने २०२० मध्ये स्वतःचे प्रोसेसर आणले आणि इंटेलच्या मॅकसाठी मॅकओएसची टाहो ही शेवटची आवृत्ती असं २०२५ मध्ये जाहीर केलं. दिरांचा हेतू चांगला आहे, पण दहा वर्षांची खात्री ते ज्यावर देतायत त्याचे दिवस भरत आलेत.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते, कारण तो तुम्ही मनापासून विचारलाय. हे भांडण जुनं आहे आणि त्यात हरलेले सगळे कमअस्सल नव्हते. आयबीएमची ओएस/२ ही विंडोजसारखीच प्रणाली त्या काळच्या विंडोजपेक्षा मजबूत होती. १९९२ ची तिची दुसरी आवृत्ती विंडोजचे प्रोग्रॅमही चालवायची. तीच तिच्या मुळावर आली. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दोन्हीकडे चालतोय म्हटल्यावर ओएस/२ साठी वेगळा लिहायचे कष्ट कोण घेणार? २००६ अखेर आयबीएमने सपोर्ट बंद केला. एकेकाळच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या कॉम्प्युटर कंपनीचं हे झालं. मायक्रोसॉफ्टने तरी काय, कॉम्प्युटर जिंकला आणि फोन गमावला. फोनमध्ये अँड्रॉइड आलं, २००८ मध्ये, आणि त्याच्या पोटात लिनक्सच आहे. भाचा म्हणतो ते 'लिनक्सचं राज्य' तुमच्या गिऱ्हाइकांच्या खिशात केव्हाच येऊन बसलंय, फक्त त्याने दार वेगळं निवडलं. हे असं होईल असं विसाव्या शतकात कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पुढच्या दहा वर्षांचं भाकीत करायला मी म्हणूनच धजत नाही.

पण भांडण चालू राहावं असं मला मनापासून वाटतं. २००७ मध्ये असूसने ईई पीसी नावाचा छोटा स्वस्त लॅपटॉप लिनक्स घालून आणला. लोक तो घ्यायला लागल्यावर मायक्रोसॉफ्टने निवृत्तीला आलेली एक्सपी असल्या छोट्या लॅपटॉपसाठी आणखी काही वर्षं विकायला ठेवली, त्याही स्वस्तात. लिनक्सला हातही न लावणाऱ्यांना त्याचा फायदा झाला. दुसरा पर्याय आहे म्हटलं की पहिला सांभाळून वागतो. आज हे जास्त लागतंय. अडोबीने २०१३ पासून फोटोशॉपसारखी नवी सॉफ्टवेअर फक्त भाड्यानेच द्यायला सुरुवात केली. विंडोज ११ नव्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा चालू करतानाच मायक्रोसॉफ्टचं खातं मागते आणि फायली त्यांच्या ढगात (क्लाउडवर) ठेवायला सुचवते. आपल्या टेबलावरची वस्तू हळूहळू दुसऱ्याची होत चालली आहे, आणि ज्या बाईने दुकान स्वतःच्या हिमतीवर उभं केलं तिने यावर डोळा ठेवायलाच हवा. महिन्याचं भाडं द्यायचं असेल तर द्या, पण काम संपल्यावर फाइलची एक प्रत तुमच्या हार्डडिस्कवर आणि कुठेही उघडेल अशा रूपात असलीच पाहिजे.

मुलगी म्हणते ते हसण्यावारी नेऊ नका. लोक मोबाइलवर पत्रिका बनवतात, सातबारा बघतात, व्हॉट्सॲपवर आमंत्रण धाडतात. तुमची साधी कामं कमी होतच राहणार. पण माझ्या शेजारच्या काकांना पिकाच्या नुकसानीचा अर्ज फोनवर भरताना मी बघितलंय. तीन ठिकाणी ओटीपी, एका ठिकाणी फोटो दोनशे केबीच्या आत, आणि शेवटच्या पानावर फोन आला म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून. शेवटी ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. तिथल्या मुलीने मोठ्या पडद्यावर त्यांचं नाव त्यांना वाचून दाखवलं, 'काका, पासबुकात असंच आहे ना?' म्हणून विचारलं आणि मगच बटण दाबलं. या प्रश्नासाठी लोक तुमच्याकडे येतात. मुलीला मात्र एक काम द्या. गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला युनिकोड मजकूर न टाइप करता थेट पत्रिकेत घ्यायचा. जुन्या फाँटवर हे कधीच जमलं नसतं. तुमचा एकेका पत्रिकेमागचा अर्धा तास तरी वाचेल.

नव्या कॉम्प्युटरच्या दुकानात 'एआय पीसी' म्हणून जास्तीचे पैसे सांगतील. तुमच्या कामाला आज त्याचा उपयोग नाही. त्या पैशात चांगला लेझर प्रिंटर येईल.

मग भिशीचं काय? नवा एकच कॉम्प्युटर घ्या, बिलाचा, सोळा जीबी रॅमचा, कोरल आणि छपाईच्या कामासाठी. त्यावर कोरलचा अस्सल परवाना. जुन्या आय-थ्रीला एसएसडी आणि रॅम. दोन बाहेरच्या हार्डडिस्क. इन्व्हर्टरची बॅटरी कधी बदललीत ते बघा. उरलेले पैसे बँकेत ठेवा. कॉम्प्युटरवाला नाराज होईल, त्याला एसएसडी बसवायचं काम द्या.

सोमवारी दुकान उघडलंत की सगळ्यात आधी २००७ ची पहिली पत्रिका उघडा आणि तिच्यात कुठला फाँट आहे ते मला कळवा. फाँटच्या नावावरून पुढचं नेमकं सांगता येईल. आणि मधल्या कॉम्प्युटरच्या मागे एखादं डोंगल लावलेलं असेल तर त्याला चिकटपट्टी लावून वर 'काढू नये' असं लिहून ठेवा.